लोहचुंबक आणि मुक्या जीवांचा तोल

लोहचुंबकाचें कौतुक वाटत नाहीं असें मूल विरळा. सुईला न शिवतां तिला जवळ ओढून घेणारा हा दगड आपल्या पूर्वजांसहि विचारांत पाडून गेला होता. संस्कृतांत त्याला अयस्कांत, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला, असें गोड नांव आहे. आणि कणादांच्या वैशेषिक सूत्रांत सुईच्या त्या सरकण्याचें कारण 'अदृष्ट' म्हणून सांगितलें आहे. टीकाकारांनीं त्या शब्दाचा अर्थ पुढें कसाहि लावलेला असो, डोळ्यांना न दिसणारें कांहीं तरी तेथें काम करीत आहे एवढें मान्य करूनच सूत्रकार पुढें गेले.

प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करणार आहों तो त्याच अदृष्टाचा दुसरा पदर होय. लोखंडाला ओढणारा चुंबक रक्तमांसाच्या जिवाला कांहीं करतो काय? आणि करीत असेल तर काय, कोठें व कसें? पूर्वीं हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा होता. आतां तो घराघरांत येऊन पोंचला आहे. घरांतील वडील माणसाच्या पाठीचें किंवा मेंदूचें दुखणें निघालें कीं डॉक्टर 'एम्. आर्. आय्.' काढून आणावयास सांगतात. म्हणजे रोग्यास एका प्रचंड चुंबकाच्या बोगद्यांत निजवून त्याच्या अंतर्भागाचें चित्र घ्यावयाचें. आजीबाईंना त्या बोगद्यांत सरकवितांना बाहेर बसलेल्या मंडळींच्या मनांत काय येतें, हें आम्हीं सांगावयास नको. त्या काळजीला भीतीचें किंवा थट्टेचें नव्हे, तर ज्ञानाचें उत्तर मिळावें, एवढ्यासाठींच हा लेख.

प्रथम मापाची गोष्ट पाहूं. चुंबकक्षेत्राची तीव्रता ज्या मापानें मोजतात त्यास निकोला टेस्ला (१८५६–१९४३) या संशोधकाच्या नांवावरून 'टेस्ला' म्हणतात. आपली पृथ्वी हा एक अतिविशाल परंतु फार सौम्य असा चुंबक आहे. एका टेस्लाचे दहा लक्ष भाग केले तर त्यांपैकीं २५ ते ६५ भाग, इतकीच तिच्या पृष्ठभागावरील तीव्रता भरते. आपल्या मुंबई-अलिबागच्या बाजूस ती ४० भागांहून थोडी अधिक आहे. हें क्षेत्र मोजणें किती नाजुक काम आहे याची साक्ष मुंबईच्याच इतिहासांत सांपडते. कुलाब्याच्या वेधशाळेंत सन १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात असत. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या विद्युत्प्रवाहानें वेध बिघडतील हें ओळखून डॉ. नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत, सन १९०४ मध्यें, हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. ट्राम धांवूं लागली ती सन १९०७ मध्यें. शेजारून जाणारी गाडीहि ज्याला झांकोळून टाकते असें हें क्षेत्र!

आतां रुग्णालयांतील यंत्र पाहा. त्याची तीव्रता बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला असते. म्हणजे अलिबागच्या भूमीवरील क्षेत्राच्या तीस-चाळीस हजार पटींपासून सत्तर हजार पटींपर्यंत. आणि ज्या प्रयोगांची हकीकत आम्ही पुढें देणार आहों त्यांतील एक चुंबक १४.१ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या सुमारें सवातीन लक्ष पटींचा होता. चुंबकाच्या परिणामाविषयीं बोलतांना हा आंकड्यांचा विवेक सुटला तर सर्व बोलणें व्यर्थ होतें. हें सूत्र वाचकांनीं लेखभर ध्यानांत ठेवावें.

सन १८९२ मध्यें अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत पीटर्सन व केनेली या दोघांनीं त्या काळच्या मोठ्या विद्युच्चुंबकांत एक कुत्रा कित्येक तास ठेवून पाहिला. एका मुलाचें डोकेंहि चुंबकाच्या क्षेत्रांत धरून पाहिलें. कुत्र्याला कांहीं झालें नाहीं व मुलालाहि कांहीं जाणवलें नाहीं. चुंबकाचा सजीव देहावर परिणाम होत नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं काढला आणि त्यांच्या हातीं असलेल्या चुंबकांपुरता तो यथार्थ होता. त्याला आणखी एक पुरावा गोठ्यांतला आहे. पाश्चात्त्य देशांत गाईंच्या पोटांत चाऱ्याबरोबर खिळे व तारांचे तुकडे जातात. ते पोट फाडूं नयेत म्हणून बोटाएवढा चुंबक गाईस गिळावयास देतात. तो जन्मभर तिच्या पोटांत राहून लोखंड धरून ठेवतो. गाय नेहमींसारखी चरते, चालते. तिच्या चालींत अणुमात्र फरक पडत नाहीं.

परंतु पीटर्सन व केनेली यांच्या प्रयोगानंतर अवघ्या एका वर्षानें, सन १८९३ मध्यें, व्हिएन्ना येथें आलोइस क्राइडल यांनीं एक अत्यंत चतुर प्रयोग करून या विषयाला निराळी दिशा दाखविली. कोळंबीच्या डोक्यावरील मिशांच्या बुडाशीं एक सूक्ष्म पिशवी असते व तींत वाळूचे कण असतात. कण ज्या बाजूस दाबतील ती बाजू 'खालची', असें कोळंबी समजते. कोळंबी कात टाकते तेव्हां हे कणहि गळून पडतात, आणि ती नांगीनें नवे कण उचलून पिशवींत भरते. क्राइडल यांनीं वाळूच्या ऐवजीं पात्रांत लोखंडाचा बारीक कीस ठेवला. कोळंब्यांनीं तोच भरून घेतला. मग त्यांनीं वरून चुंबक धरला. कीस वरच्या बाजूस ओढला गेला, आणि ती बिचारी कोळंबी 'वर' हेंच 'खालीं' समजून उलटी होऊं लागली! पाणी तेंच, डोळे तेच, पाय तेच. परंतु तोलाचें इंद्रिय फसलें आणि सारा देह त्याच्यामागें गेला. पृथ्वीनें आजवर जें काम केलें होतें तें घटकाभर चुंबकानें केलें.

आपल्या कानांतहि असेंच एक इंद्रिय आहे. कान ऐकण्यासाठीं आहे एवढेंच आपण सामान्यतः जाणतों. वास्तविक त्याच्या अंतर्भागांत ऐकण्याच्या शंखाशेजारीं तोलाचें एक स्वतंत्र यंत्र बसविलेलें आहे. त्यांत चुन्याच्या जातीचे सूक्ष्म खडे आहेत. ते देहाचा कल सांगतात. शिवाय तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन जशीं परस्परांशीं काटकोन करून मिळतात, तशी या तीन नलिकांची रचना आहे. नलिकांत रस भरलेला असून त्यांत एक लवचिक पडदा असतो. मान वळली कीं रस क्षणभर मागें राहतो, पडदा वांकतो, त्याखालील केसाळ पेशी ज्ञानतंतूंना वर्दी देतात आणि मेंदूस कळतें कीं डोकें अमुक बाजूस वळलें. सन १८२० नंतरच्या दशकांत पॅरिस येथील फ्लूरां यांनीं कबुतराची एकेक नलिका छेदून पाहिली; तेव्हां ज्या पातळींतील नलिका छेदावी त्याच पातळींत कबूतर मान हलवीत राही. पुढें व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांनीं कानांत गार किंवा ऊन पाणी सोडल्यास नलिकांतील रस हलून डोळे आपोआप फिरूं लागतात, हें शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें. त्याबद्दल त्यांस सन १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं ते रशियांत युद्धकैदी होते.

हें समजण्यास प्रयोगशाळाच पाहिजे असें नाहीं. मंगळागौरीस मुली फुगडी घालून एकदम थांबल्या म्हणजे त्यांना घर उलट्या बाजूस फिरल्यासारखें वाटतें. त्या वेळीं त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहावें: बुबुळें एका बाजूस सावकाश सरकतात व झटक्यानें परत येतात. देह थांबला, परंतु कानांतील रस अजून थांबला नाहीं, असा त्याचा अर्थ. कान व डोळे यांची गांठ किती पक्की आहे हें यावरून दिसतें, आणि पुढील सर्व विवेचनाची किल्ली याच गांठींत आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चुंबकांचें बळ वाढत गेलें. सन १९९२ मध्यें अमेरिकेंतील शेंक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४ टेस्लाच्या यंत्रांत शिरलेल्या माणसांचे अनुभव प्रसिद्ध केले. कित्येकांना भोंवळ येई, मळमळे, तोंडांत धातूची चव येई. तेव्हां एक शंका उभी राहिली. माणसास अरुंद बोगद्याचें भयहि वाटतें, आणि भयानेंहि मळमळतें. मग यांत चुंबकाचा वांटा किती? ज्याला यंत्राचें नांवहि ठाऊक नाहीं अशा जिवाला विचारणें हा एकच उपाय होता. परंतु मुका जीव सांगणार कसा?

याचें उत्तर फ्लॉरिडा संस्थानांतील टॅलाहासी येथील विद्यापीठांत टॉमस हाऊप्ट, जेम्स स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं काढलें. उंदरास ओकारी येत नाहीं; निसर्गानें त्याला ती सोयच दिलेली नाहीं. परंतु त्याची दुसरी एक खोड मनुष्यासारखीच आहे. लग्नांत बासुंदी खाऊन जो एकदां आजारी पडला त्याला पुढें वर्षानुवर्षें बासुंदीच्या वासानेंहि ढवळतें. उंदराचें तेंच आहे. म्हणून त्या शास्त्रज्ञांनीं उंदरांस गोड पाणी पाजून लगेच अर्धा तास ७ किंवा १४.१ टेस्लाच्या चुंबकांत ठेवलें. दुसऱ्या कांहीं उंदरांना तसेंच गोड पाणी देऊन तशाच अरुंद नळींत कोंडलें, परंतु चुंबक दिला नाहीं. पुढें गोड पाणी समोर ठेवलें असतां चुंबकांत न गेलेले उंदीर तें आवडीनें पीत. चुंबकांतून आलेले तोंड फिरवीत. कोंडणें दोघांसहि सारखेंच होतें. मळमळ चुंबकाचीच होती.

याहूनहि स्पष्ट खूण चालण्यांत दिसली. चुंबकांतून बाहेर काढलेला उंदीर मागच्या पायांवर उठून उभा राहीना, आणि जागच्या जागीं लहानसें रिंगण धरून फिरूं लागे. डोकें वर करून ठेवलेला उंदीर एका दिशेनें फिरे. डोकें खालीं करून ठेवला तर बरोबर उलट दिशेनें. सन २००३ मध्यें हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यांतील मर्म वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. भयाला उजवें-डावें नसतें. देहाची दिशा पालटतांच रिंगणाची दिशा पालटते, तेव्हां कारणहि दिशा असलेलेंच असलें पाहिजे.

दुसऱ्या एका प्रयोगांत उंदरांना शिडी चढून चुंबकाच्या पोकळींतून पलीकडे जाण्यास शिकविलें होतें. चुंबकांतून पहिली फेरी केल्यावर बहुतेक उंदीर दुसऱ्यांदा आंत जाण्यास तयार होईनात. इतकेंच नव्हे, तर क्षेत्राची तीव्रता जेथें सुमारें २ टेस्ला भरते तेथपर्यंत येऊन ते माघारे वळत. डोळ्यांस तेथें कांहीं दिसत नव्हतें. त्यांना अदृष्ट जाणवत होतें! मात्र ज्या उंदरांचें कानांतील तोलाचें इंद्रिय आधींच निकामी केलेलें होतें ते खुशाल शिडी चढून जात. त्यांना रिंगणहि येत नसे आणि गोड पाण्याचा तिटकाराहि येत नसे. चुंबक सर्व देहाला व्यापून होता. परंतु त्याचें बोलणें फक्त कानास ऐकूं येत होतें. मुक्या जीवांचें एक इंद्रिय हिरावून हें ज्ञान मिळालें आहे. त्याचा उपयोग घेतांना आपण त्यांचे ऋणी आहों हें विसरूं नये, असें आम्हांस वाटतें.

आतां मनुष्याकडे वळूं. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत डेल रॉबर्ट्स, डेव्हिड झी व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी माणसांस ७ टेस्लाच्या यंत्रांत स्वस्थ निजवून, अंधार करून, त्यांच्या डोळ्यांचें चित्रण केलें. अंधार अशासाठीं कीं, डोळ्यांस पाहावयास कांहीं असलें म्हणजे ते स्वतःला सांवरून धरतात. सन २०११ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं, मान तिळभर न हलवितां निजलेल्या या माणसांचे डोळे फुगडी घातलेल्या मुलीच्या डोळ्यांसारखे सरकत होते. जोंवर माणूस चुंबकांत आहे तोंवर हें चालू राही. यंत्राच्या उलट टोंकाकडून आंत नेल्यास डोळ्यांची दिशाहि उलट होई. बाहेर आणल्यावर कांहीं वेळ ते उलट बाजूस सरकत. आणि ज्यांच्या दोन्ही कानांचें तोलाचें इंद्रिय रोगानें नष्ट झालेलें होतें त्यांचे डोळे स्थिर राहिले. उंदीर व मनुष्य यांची साक्ष येथें तंतोतंत जुळली.

मग कानांत लोखंड नसतांना चुंबक तेथें करतो तरी काय? आज सर्वांत अधिक मान्य असलेलें स्पष्टीकरण समजण्यास घरांतील विजेच्या पंख्याकडे पाहावें. चुंबकाच्या क्षेत्रांत ठेवलेल्या तारेंतून वीज वाहूं लागली कीं तारेवर आडवा रेटा पडतो. त्या रेट्यानेंच पंखा फिरतो. कानांतील रसांत क्षाराचे विद्युद्भारित कण असून ते केसाळ पेशींकडे अखंड वाहत असतात. ही एक अत्यंत सूक्ष्म वीजच होय. बलवान् चुंबकांत तिच्यावर आडवा रेटा पडतो, तो रसास लागतो, रस पडद्यास वांकवितो. मेंदूस वर्दी जाते कीं डोकें फिरत आहे. डोळे सांगतात कीं फिरत नाहीं. या दोन साक्षींच्या भांडणांतून भोंवळ उत्पन्न होते. कान खोटें बोलत नाहीं. पडदा खरोखरीच वांकलेला असतो. वांकविणारा मात्र निराळा असतो.

याच मंडळीनें पुढें एक पट्टेरी मासा तपासला. हा मासा आपल्याच देशांतला. गंगेच्या खोऱ्यांतील मत्स्यांचें वर्णन करतांना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं सन १८२२ मध्यें त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. त्यास दोन-दोन मिनिटें ११.७ टेस्लाच्या उभ्या चुंबकांत सोडलें असतां दोन-तृतीयांश मासे एक तर वेगानें पोहूं लागले किंवा सारखे गिरक्या घेऊं व लोळूं लागले. सन २०१४ मध्यें हें प्रसिद्ध झालें. शेपटीपासून हातापर्यंत देहाची घडण पालटली, परंतु कानांतील ती जुनी व्यवस्था मत्स्यापासून मनुष्यापर्यंत एकच राहिली आहे, याचें हें किती सुंदर प्रमाण!

येथें एका प्रसिद्ध बेडकाचीहि आठवण केली पाहिजे. सन १९९७ मध्यें हॉलंडांतील नाइमेखेन येथें आंद्रे गाइम यांनीं सुमारें १६ टेस्लाच्या चुंबकांत एक जिवंत बेडूक अधांतरीं तरंगत ठेवला. पाण्यास चुंबक किंचित् दूर लोटतो, व बेडकाच्या देहांत पाणीच फार. तो अल्प रेटा इतक्या बलवान् चुंबकांत गुरुत्वाकर्षणाची बरोबरी करतो. बेडूक बाहेर आला तो धडधाकट होता. गाइम यांस पुढें सन २०१० मध्यें निराळ्या शोधासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. बेडूक तरंगला त्याचें कारण व उंदीर फिरला त्याचें कारण हीं दोन अगदीं निराळीं आहेत. पहिल्यांत सर्व देह उचलला जातो, दुसऱ्यांत कानांतील एक थेंबभर रस ढकलला जातो.

या सर्वांतून गृहस्थाश्रमी माणसानें काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, यंत्रांत घरच्या वडील माणसास चक्कर आल्यासारखी किंवा मळमळल्यासारखी वाटली तर तो मनाचा दुबळेपणा समजून हंसूं नये, आणि मेंदूस इजा झाली म्हणून घाबरूंहि नये. रुग्णालयांतील नेहमींच्या यंत्रांत हें क्वचित् व थोडें जाणवतें. यंत्र अधिक बलवान् असेल तर अधिक जाणवतें. आंत-बाहेर सरकवितांना सावकाश सरकविलें व रोग्यानें मान न हलवितां पडून राहिलें कीं त्रास कमी होतो. बाहेर आल्यावर लगेच उठून चालूं न देतां घटकाभर बसवावें, हात धरावा. भोंवळ आपण होऊन ओसरते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या यंत्राचा खरा धोका तोलाचा नसून लोखंडाचा आहे. सन २०१८ च्या जानेवारींत मुंबईंतील एका रुग्णालयांत प्राणवायूची लोखंडी टांकी घेऊन यंत्राच्या खोलींत शिरलेला एक तरुण नातलग टांकीसह यंत्राकडे ओढला गेला व प्राणास मुकला. यंत्रांतील हा चुंबक चित्र काढणें थांबलें तरी जागाच असतो. म्हणून केसांतील आंकडे, किल्ल्या, घड्याळ, श्रवणयंत्र, अंगावरील दागिने हें सर्व बाहेर काढून ठेवावें. आणि छातींत हृदयाचें यंत्र किंवा देहांत धातूची पट्टी बसविलेली असल्यास तें आधींच न विसरतां सांगावें. लाजेनें किंवा घाईनें लपविलेली एक वस्तु घात करूं शकते.

तिसरी गोष्ट बाजाराची. चुंबकाचें कडें घातलें कीं संधिवात जातो, चुंबकाचें पाणी प्यालें कीं रक्त शुद्ध होतें, अशा जाहिराती आमच्या वाचकांच्या दृष्टीस नित्य पडत असतील. त्यांना आरंभीं सांगितलेला आंकड्यांचा विवेक लावून पाहावा. जेथें पृथ्वीच्या लक्षावधि पट बलवान् चुंबकांत अर्धा तास राहिलेल्या उंदरास रिंगण येतें व तेंहि पुढें ओसरतें, तेथें मनगटावरील चकतीनें जुनाट व्याधि हटेल हें संभवत नाहीं. चुंबकानें सजीवास कांहींच होत नाहीं हें म्हणणें जितकें अपुरें, तितकेंच त्यानें सर्व कांहीं होतें हें म्हणणें पोकळ.

कणादांनीं ज्यास अदृष्ट म्हटलें त्यांतील एक बारीकसा कोपरा आतां दृष्ट झाला आहे. आणि तो दाखविणारे गुरु कोण, तर एक कोळंबी, कांहीं उंदीर, गंगेकडचा एक मासा, आणि अंधारांत डोळे उघडे ठेवून निजलेलीं कांहीं माणसें. घरांतील मुलांनीं पुढें कधीं टेबलावर सुई व चुंबक घेऊन खेळ मांडला, तर त्यांना ही हकीकत सांगावी, आणि मग एक फुगडी घालावयास लावून परस्परांच्या डोळ्यांकडे पाहावयास सांगावें. अर्धें शास्त्र त्यांना तेथेंच कळेल.